होम थिएटरसाठी सराउंड साउंड रिसीव्हर कसा निवडावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी मोठा टीव्ही आला, की काही दिवसांतच लक्षात येते की चित्र जितके भव्य आहे, तितका आवाज नाही. मग रिसीव्हरची चौकशी सुरू होते आणि वॉट, चॅनेल, ॲटमॉस, ई-आर्क अशा शब्दांच्या गर्दीत खरेदीदार गोंधळून जातो. पुढील उत्तरे मुख्यतः फ्लॅटमधल्या बैठकीच्या खोलीत होम थिएटर उभे करू पाहणाऱ्या कुटुंबांसाठी लिहिली आहेत. त्यांत एक आग्रह सर्वत्र दिसेल: आधी खोली पाहावी, मग स्पीकर ठरवावेत आणि त्यांना शोभेल असा रिसीव्हर शेवटी घ्यावा.

रिसीव्हर नेमके काय करतो? साउंडबार असताना त्याची गरज काय?

रिसीव्हर एकाच पेटीत तीन कामे करतो. सेट-टॉप बॉक्स, स्ट्रीमिंग स्टिक, गेम कन्सोल अशा उपकरणांच्या केबल त्याच्याकडे येतात आणि त्यांतले चित्र तो टीव्हीकडे पाठवतो. आवाजाचा सांकेतिक प्रवाह उलगडून कोणता आवाज कोणत्या स्पीकरकडे जायचा, हे तो ठरवतो. शेवटी प्रत्येक स्पीकरला पुरेल इतकी वीजशक्ती त्याच्यातले ॲम्प्लिफायर पुरवतात.

साउंडबार वाईट असतो असे नाही. ज्यांना वायरी ओढायच्या नाहीत, भाड्याचे घर आहे किंवा मालिका आणि बातम्यांपुरता स्वच्छ आवाज हवा आहे, त्यांनी चांगला साउंडबार घ्यावा. मात्र साउंडबारचा एक भाग बिघडला की बहुतेक वेळा सगळा संच बदलावा लागतो, तर रिसीव्हरच्या जोडणीत आज दोन स्पीकर, पुढच्या दिवाळीला मधला स्पीकर आणि त्यानंतर सबवूफर (फक्त खर्जासाठीचा स्पीकर) अशी भर घालता येते. चांगले स्पीकर वीस-वीस वर्षे टिकतात, त्यामुळे काही वर्षांनी फक्त रिसीव्हर बदलला तरी भागते.

५.१, ७.१, ५.१.२ या आकड्यांचा अर्थ काय?

पहिला आकडा बसलेल्या माणसाच्या कानाच्या पातळीवरच्या स्पीकरचा, दुसरा सबवूफरचा आणि तिसरा, असल्यास, डोक्यावरच्या स्पीकरचा. ५.१ म्हणजे समोर डावा, उजवा आणि मधला, बाजूला किंवा किंचित मागे दोन सराउंड आणि एक सबवूफर. ७.१ मध्ये पाठीमागे आणखी दोन स्पीकर येतात. ५.१.२ मध्ये पाठीमागच्या दोनऐवजी छताकडचे दोन असतात. डोक्यावरूनही आवाज ऐकवणारे डॉल्बी ॲटमॉस हे ध्वनितंत्र २०१२ मध्ये चित्रपटगृहांत आले आणि २०१४ पासून घरगुती रिसीव्हरमध्ये मिळू लागले, तेव्हापासून हा तिसरा आकडा प्रचारात आला. स्पर्धक असलेले डीटीएस:एक्स २०१५ मध्ये आले. आजचे बहुतेक ॲटमॉस रिसीव्हर दोन्ही उलगडू शकतात, त्यामुळे या दोहोंत निवड करण्याची वेळ येत नाही.

आमचा हॉल साधारण दहा बाय सोळा फुटांचा आहे. किती चॅनेलचा रिसीव्हर घ्यावा?

या प्रश्नाचे उत्तर दुकानात मिळत नाही, घरात सोफा कुठे आहे ते पाहून मिळते. पुण्या-मुंबईच्या बहुतेक फ्लॅटमध्ये सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असतो, एका बाजूला बाल्कनीचे सरकते दार असते आणि दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघराकडे किंवा आतल्या खोल्यांकडे जाणारी मोकळी वाट असते. अशा खोलीत पाठीमागच्या दोन स्पीकरना जागाच उरत नाही. ते भिंतीवर डोक्याच्या अगदी मागे ठोकले, तर मागून येणारा आवाज दूरवरून येतो असे वाटण्याऐवजी कानाशी कुणी बोलते आहे असे वाटते. म्हणून अशा हॉलमध्ये ७.१ चा हट्ट धरू नये.

५.१ च्या मांडणीसाठी सर्वमान्य शिफारस अशी आहे, की समोरचे दोन मुख्य स्पीकर ऐकणाऱ्यापासून मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सुमारे ३० अंशांवर असावेत आणि सराउंड १०० ते १२० अंशांवर, म्हणजे कानाच्या रेषेच्या जरा मागे. सोफा भिंतीला टेकलेला असेल तर तो शक्य तितका पुढे ओढावा. एक फूट पुढे आला तरी फरक जाणवतो, कारण मागच्या भिंतीलगत खर्ज अवाजवी वाढतो. तेही जमत नसेल तर सराउंड बाजूच्या भिंतींवर, कानापेक्षा थोडे वर लावावेत. ज्या बाजूला भिंतच नाही तिथे स्टँड वापरावा.

एवढे पाहिल्यावर हिशेब सोपा होतो. अशा हॉलला सात ॲम्प्लिफायर चॅनेलचा, म्हणजे सात स्पीकर चालवू शकणारा, रिसीव्हर पुरतो, कारण त्यावर आज ५.१ चालवता येते आणि छतात दोन स्पीकर बसवल्यावर तोच ५.१.२ होतो. नऊ चॅनेलचा रिसीव्हर ५.१.४ किंवा ७.१.२ साठी लागतो. ज्यांच्या घरी सोफ्यामागे किमान चार-पाच फूट मोकळी जागा आहे किंवा ज्यांनी एक खोली केवळ सिनेमासाठी राखून ठेवली आहे, त्यांनी त्याचा विचार करावा. न वापरल्या जाणाऱ्या चॅनेलवर खर्च केलेला पैसा मधल्या स्पीकरवर खर्च केला असता तर रोज ऐकू आला असता.

ॲटमॉससाठी छतात स्पीकर बसवावेच लागतात का?

उत्तम परिणाम छतातल्या स्पीकरनेच मिळतो. दोनच बसवायचे असतील तर ते ऐकणाऱ्याच्या डोक्यावर किंवा किंचित पुढे असावेत. पीओपीचे फॉल्स सीलिंग करायचेच असेल, तर त्या आधी वायर ओढून घ्यावी, कारण नंतर रंगवलेले छत फोडायला कुणाचाच हात धजावत नाही.

दुसरा मार्ग वर तोंड करून ठेवलेल्या स्पीकरचा आहे. ते आवाज छतावर फेकतात आणि तो परावर्तित होऊन खाली येतो. त्यासाठी छत सपाट आणि कठीण असावे लागते. त्याची उंची साडेसात ते बारा फुटांच्या दरम्यान असली तर हे काम नीट होते. आपल्याकडचा नऊ-साडेनऊ फुटांचा साधा स्लॅब या दृष्टीने चांगला आहे. मात्र खाचाखोचा आणि कडेने दिव्यांच्या पट्ट्या असलेले नक्षीदार सीलिंग आवाज विखरून टाकते आणि नेमका परावर्तनाच्या वाटेत आलेला पंखा अडथळा करतो. यांपैकी काहीच जमत नसेल, तर नीट लावलेल्या ५.१ वर समाधान मानावे. ओढूनताणून बसवलेल्या ५.१.२ पेक्षा ते श्रवणीय असते.

किती वॉटचा रिसीव्हर घ्यावा? काही खोक्यांवर हजारो वॉट लिहिलेले असतात.

खोक्यावरचा आकडा वाचण्याआधी त्याच्या शेजारची बारीक अक्षरे वाचावीत. ज्यांनी जुन्या काळी टेपरेकॉर्डर आणि डेक विकत घेतले आहेत, त्यांना 'पीएमपीओ' हा शब्द आठवत असेल. तो क्षणभरासाठी, विकृतीची, म्हणजे आवाज फाटण्याची, पर्वा न करता काढलेला आकडा असे आणि त्याचा प्रत्यक्ष ऐकण्याशी फारसा संबंध नसे. रिसीव्हरच्या बाबतीत तोच प्रकार सभ्य स्वरूपात आजही चालतो.

समजा माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत 'प्रत्येक चॅनेल १५० वॉट' असे छापले आहे. त्याखाली '६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के विकृती, एक चॅनेल चालू' अशी ओळ असते. म्हणजे एकच स्पीकर जोडला, त्याला एकच सूर दिला, आवाज फाटू दिला आणि मग मोजले. त्याच पत्रकात आणखी खाली '८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ०.०८ टक्के विकृती, दोन चॅनेल चालू, ८० वॉट' अशी दुसरी ओळ सापडू शकते. दोन रिसीव्हरची तुलना करायची असेल तर दोघांचीही ही दुसरी ओळ समोरासमोर ठेवावी. सगळे चॅनेल एकाच वेळी जोराने चालू असताना प्रत्येकाला मिळणारी शक्ती याहूनही कमी असते, कारण वीजपुरवठा करणारा ट्रान्सफॉर्मर सर्वांत मिळून एकच असतो. त्यामुळे सारख्याच वॉटच्या दोन यंत्रांत जे वजनाने जड आहे, ते बहुधा अधिक दमदार निघते.

आता गरज किती, ते पाहू. स्पीकरच्या माहितीत 'संवेदनशीलता ८८ डेसिबल' असे लिहिलेले असते. याचा अर्थ एक वॉट दिल्यास एक मीटरवर ८८ डेसिबल आवाज मिळतो. तीन मीटरवर बसल्यास मोकळ्या जागेत त्यातले सुमारे साडेनऊ डेसिबल घटतात, म्हणजे साडेअठ्ठ्याहत्तर उरतात. घरातल्या भिंतींमुळे प्रत्यक्षात घट त्याहून कमीच होते. साधे संवाद ७० डेसिबलच्या आसपास ऐकले जातात, तेव्हा त्यांना एक वॉटसुद्धा लागत नाही. स्फोटाच्या किंवा ढोलताशाच्या प्रसंगी ९५ डेसिबलचे शिखर गाठायचे असेल, तर साधारण ४५ वॉट लागतात. फ्लॅटमध्ये याहून मोठा आवाज क्वचितच कुणी सहन करील.

यातला दुसरा धडा अधिक महत्त्वाचा आहे. शक्ती दुप्पट केली तर आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला तो दुप्पट वाटण्यासाठी साधारण १० डेसिबल, म्हणजे दसपट शक्ती लागते. ८० आणि १०० वॉटच्या दोन रिसीव्हरमधला फरक जेमतेम १ डेसिबलचा आहे. त्या एका डेसिबलसाठी पंधरा-वीस हजार रुपये जास्त मोजण्यापेक्षा ८८ ऐवजी ९१ डेसिबल संवेदनशीलतेचे स्पीकर निवडणे शहाणपणाचे ठरते. त्या तीन डेसिबलमुळे आहे तोच रिसीव्हर दुप्पट शक्तीचा असल्यासारखा चालतो.

४, ६ आणि ८ ओहमच्या स्पीकरमध्ये रिसीव्हरच्या दृष्टीने काय फरक आहे?

ओहम हे स्पीकरकडून विजेला होणाऱ्या अवरोधाचे माप. ते जितके कमी, तितका विजेचा प्रवाह जास्त आणि रिसीव्हरवरचा ताण जास्त. मध्यम किमतीचे रिसीव्हर ६ ते ८ ओहमच्या स्पीकरवर निवांत चालतात. ४ ओहमचे स्पीकर घ्यायचे असतील, तर रिसीव्हरच्या माहितीपुस्तिकेत ४ ओहमला मान्यता आहे का, ते आधी पाहावे. एकाच टर्मिनलला दोन स्पीकर समांतर जोडण्याचा घरगुती उपाय टाळावा, कारण ८ ओहमचे दोन मिळून ४ होतात आणि नेमक्या रंगलेल्या प्रसंगी रिसीव्हर स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो.

एचडीएमआय, आर्क आणि ई-आर्क यांत काय पाहावे?

आर्क म्हणजे ज्या एचडीएमआय केबलने चित्र टीव्हीकडे जाते, त्याच केबलने टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे परत येण्याची सोय. ती २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून आहे. तिच्यातून डॉल्बी डिजिटल आणि स्ट्रीमिंगवर वापरले जाणारे डॉल्बी डिजिटल प्लस जाऊ शकते. ई-आर्क २०१७ च्या एचडीएमआय २.१ सोबत आले. त्याची वाहकक्षमता कितीतरी जास्त असल्यामुळे ब्लू-रे डिस्कवर असणारा, काहीही न गाळलेला डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओही त्यातून जातो. ऑप्टिकल केबल या दोघांच्याही मागे आहे. तिच्यातून ५.१ येते, पण ॲटमॉस येत नाही.

जोडणी दोन प्रकारे करता येते. सगळी उपकरणे रिसीव्हरला जोडून एकच केबल टीव्हीकडे न्यावी, किंवा सगळी टीव्हीला जोडून आवाज ई-आर्कने रिसीव्हरकडे आणावा. टीव्हीच्याच ॲपवर बहुतेक गोष्टी पाहणाऱ्या कुटुंबाला दुसरा प्रकार सोपा जातो. घरात ४के चित्र सेकंदाला १२० वेळा बदलणारा गेम कन्सोल असेल, तर तो थेट टीव्हीला जोडल्यास रिसीव्हरच्या एचडीएमआय २.१ वर जास्त खर्च करावा लागत नाही. तसा कन्सोल नसेल, तर एचडीएमआय २.०ए किंवा २.०बी चा रिसीव्हर ४के आणि एचडीआर (उजेड-अंधारातला फरक अधिक ठळक दाखवणाऱ्या) चित्रासाठी पुरेसा आहे.

टीव्हीवर आर्कची सोय बहुधा एकाच सॉकेटला असते आणि तसे त्यावर छापलेले असते. केबल दुसऱ्या सॉकेटमध्ये लावली की चित्र दिसते पण टीव्हीचा आवाज रिसीव्हरला येत नाही. दुरुस्तीसाठी माणूस बोलावण्याआधी एवढे तपासावे आणि टीव्हीच्या ध्वनी सेटिंगमध्ये 'पीसीएम' ऐवजी 'पास-थ्रू' किंवा 'ऑटो' निवडले आहे का, तेही पाहावे.

ओटीटीवरचे ॲटमॉस खरे असते का?

खरे असते, पण दाबून लहान केलेले असते. उदाहरणार्थ, नेटफ्लिक्सचा ॲटमॉस प्रवाह सेकंदाला जास्तीत जास्त ७६८ किलोबिटचा असतो आणि तो वरच्या दर्जाच्या सदस्यत्वातच मिळतो. डिस्कवरचा प्रवाह त्याच्या अनेकपट असतो. तरीही चांगल्या रीतीने लावलेल्या संचावर ओटीटीचा आवाज समाधान देतो, म्हणून केवळ डिस्क नाहीत या कारणाने रिसीव्हरचा बेत रद्द करू नये.

जुन्या मराठी चित्रपटांबद्दल पुष्कळ जण विचारतात. त्यांचा मूळ ध्वनी मोनो आहे. रिसीव्हरमधल्या 'डॉल्बी सराउंड' या प्रक्रियेवर तो लावला, तर दोन्ही बाजूंना सारखाच असलेला आवाज मधल्या स्पीकरमधून येतो आणि संवाद पडद्यावरच्या माणसाच्या तोंडून निघाल्यासारखे वाटतात. 'स्टेडियम', 'हॉल' यांसारखी कृत्रिम घुमारा देणारी सेटिंग्ज मात्र अशा चित्रपटांची रया घालवतात.

रूम करेक्शन म्हणजे काय आणि त्यासाठी जास्त पैसे द्यावेत का?

द्यावेत. माझ्या मते वॉट आणि चॅनेल यांच्या आधी पाहण्यासारखी हीच गोष्ट आहे. आपण जो आवाज ऐकतो त्यात स्पीकरइतकाच वाटा खोलीचा असतो. गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती आणि काचेचे दार यांवरून आवाज उसळत राहतो. खर्जाचे काही सूर खोलीच्या लांबीरुंदीमुळे फुगतात, तर काही जवळपास नाहीसे होतात. रिसीव्हरसोबत येणारा छोटा मायक्रोफोन ही गडबड मोजतो आणि रिसीव्हर प्रत्येक स्पीकरचे अंतर, पातळी आणि सूरांचा तोल दुरुस्त करतो.

डेनॉन आणि मॅरँट्झमध्ये ऑडिसी, यामाहात वायपीएओ, पायोनियरमध्ये एमसीएसीसी अशी या पद्धतींची नावे आहेत. डिरॅक लाइव्ह ही स्वतंत्र पद्धत अनेक कंपन्यांच्या वरच्या मॉडेलमध्ये मिळते, काही ठिकाणी वेगळे शुल्क भरून. एकाच नावाखाली पायऱ्या असतात, हे खरेदी करताना लक्षात ठेवावे. ऑडिसीच्या मल्टईक्यू, मल्टईक्यू एक्सटी आणि मल्टईक्यू एक्सटी३२ या तीन पायऱ्यांत शेवटची सर्वांत बारकाईने काम करते आणि सबवूफरच्या खर्जावर तिचा परिणाम विशेष जाणवतो.

मोजणी करताना घाई केली तर सगळे मुसळ केरात जाते. पंखा, एसी आणि शक्य असल्यास फ्रिजही थोडा वेळ बंद ठेवावा, बाल्कनीचे दार लावावे आणि रस्त्यावरची वर्दळ कमी असेल अशी वेळ निवडावी. मायक्रोफोन हातात धरू नये किंवा सोफ्याच्या पाठीवर ठेवू नये. कॅमेऱ्याच्या तिपाईवर तो बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, छताकडे तोंड करून लावावा. पहिले मोजमाप मुख्य आसनाचे आणि पुढची त्याच्या आसपास अर्ध्या मीटरच्या परिसरातली घ्यावीत. प्रत्येक स्पीकरमधून 'शूं' असा चढत जाणारा आवाज येतो, तेव्हा खोलीत कुणी चालू-बोलू नये.

मोजणी संपल्यावर रिसीव्हरने काय ठरवले, ते एकदा डोळ्यांखालून घालावे. सबवूफरचे अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवले असेल तर ते बदलू नये, कारण त्यात सबवूफरच्या आतल्या विलंबाचाही समावेश असतो. मुख्य स्पीकर 'लार्ज' ठरवले गेले असतील, तर ते 'स्मॉल' करून सबवूफरकडे आवाज वळवण्याची सीमा (क्रॉसओव्हर) ८० हर्ट्झवर ठेवावी. त्यामुळे जड खर्ज सबवूफरकडे जातो आणि रिसीव्हर हलका होतो.

रूम करेक्शन चमत्कार करीत नाही. जाड पडदा, जमिनीवर सतरंजी किंवा गालिचा आणि भिंतीलगत पुस्तकांचे कपाट एवढ्याने जो फरक पडतो, तो कोणतेही सॉफ्टवेअर पाडू शकत नाही.

आवाज मोठा केला तरी संवाद समजत नाहीत. रिसीव्हर बदलावा का?

लगेच नको. संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतात, म्हणून आधी त्याच्याकडे पाहावे. तो टीव्ही युनिटच्या कप्प्यात आत ढकललेला असेल तर पुढे काढून कडेशी आणावा, आणि गुडघ्याच्या पातळीवर असेल तर त्याचे तोंड किंचित वर करावे. रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये मधल्या स्पीकरची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवावी. घरात ज्येष्ठ मंडळी असतील तर संवाद उठावदार करणारी सोय आणि रात्री मोठ्या-लहान आवाजांतली दरी कमी करणारी सोय रिसीव्हरमध्ये आहे का, हे खरेदीपूर्वी पाहावे आणि ती रिमोटवरून चटकन सुरू करता येते का, हेही. आजी-आजोबांना मेन्यूच्या चार पायऱ्या उतराव्या लागल्या तर ती सोय असून नसल्यासारखीच.

सबवूफरबद्दल रिसीव्हर घेताना काय पाहावे? शेजाऱ्यांना त्रास होईल का?

रिसीव्हरला सबवूफरची किमान एक स्वतंत्र जोडणी असतेच. दोन असल्यास उत्तम, कारण दोन लहान सबवूफर खोलीत खर्ज अधिक समान पसरवतात. सबवूफर स्वतःच्या ॲम्प्लिफायरसह येणारा घ्यावा. त्याची जागा शोधण्याची जुनी युक्ती अशी, की तो तात्पुरता सोफ्यावर, आपल्या बसण्याच्या जागी ठेवावा, खर्जाचे गाणे लावावे आणि भिंतीकडेने रांगत जाऊन जिथे खर्ज घट्ट आणि स्वच्छ ऐकू येईल ती जागा पक्की करावी.

खर्ज स्लॅबमधून खालच्या आणि वरच्या मजल्यावर जातो, ही वस्तुस्थिती आहे. सबवूफरखाली जाड रबर किंवा फोमचा थर द्यावा. केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेसाठी ४५ डेसिबलची मर्यादा आहे, पण खालच्या घरात परीक्षेला बसलेले मूल असेल तर मर्यादेपर्यंत जाण्याचीही गरज नाही.

रिसीव्हर टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात ठेवला तर चालेल का?

चालणार नाही. रिसीव्हर मंद आवाजातही बरीच उष्णता बाहेर टाकतो आणि ती वरच्या झरोक्यांतून निघते. वर किमान १५ ते २० सेंटिमीटर आणि बाजूंना व मागे हाताचा पंजा जाईल इतकी मोकळी जागा हवी. विदर्भात किंवा खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत खोलीचेच तापमान ४० च्या आसपास जाते, तेव्हा बंद कप्प्यातला रिसीव्हर मधेच बंद पडणे किंवा वर्षा-दोन वर्षांत कपॅसिटर निकामी होणे साहजिक आहे. सुताराला माप देताना रिसीव्हरची खोली आणि त्यामागे केबल वळण्यासाठी लागणारी जागा धरून सांगावी. बाराच इंच खोलीचे युनिट बनवून घेतले तर रिसीव्हर पुढे बाहेर डोकावत राहतो. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यातली दमट हवा जोडण्यांवर गंज चढवते, म्हणून त्या दिवसांत रिसीव्हर महिनोन्महिने बंद ठेवण्यापेक्षा अधूनमधून तासभर चालवावा.

लाईट वारंवार जाते. स्टॅबिलायझर, इन्व्हर्टर आणि अर्थिंगचे काय?

सर्वांत आधी अर्थिंग. सर्ज प्रोटेक्टर हा जादा दाब बऱ्याच अंशी अर्थिंगवाटेच सोडतो, त्यामुळे अर्थिंगच नसेल तर त्याचा उपयोग फार कमी राहतो. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांमधला दाब मोजून घ्यावा; तो दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त असेल तर आधी ते दुरुस्त करावे. घरी दाब सतत वर-खाली होत असेल तर पुरेशा क्षमतेचा स्टॅबिलायझर लावावा. चौकोनी लहरींच्या जुन्या इन्व्हर्टरवर रिसीव्हर चालवू नये. ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि तापतो. साइन वेव्ह इन्व्हर्टर असेल तर हरकत नाही. विजा चमकत असतील तेव्हा रिसीव्हरचा प्लग आणि केबल टीव्हीची वायर दोन्ही काढून ठेवावीत.

स्पीकरमधून सतत 'हम्म' असा आवाज येत असेल, तर तो बहुधा केबल टीव्हीच्या किंवा डिशच्या वायरीतून आलेल्या दुसऱ्या अर्थिंगमुळे असतो. ती वायर काढल्यावर आवाज थांबला तर कारण सापडले. त्या वायरीवर आयसोलेटर (अर्थिंगची ती वाट तोडणारा जोड) लावावा. प्लगची तिसरी पिन काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नये. तो जिवावर बेतू शकतो.

अमेरिकेत राहणारी बहीण येताना रिसीव्हर आणणार आहे. तिथे स्वस्त मिळतो. आणू द्यावा का?

शक्यतो नको. अमेरिकेतला रिसीव्हर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झसाठी बनवलेला असतो आणि तसे त्याच्या मागे छापलेले असते. तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये थेट लावला तर जळतो. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालवता येतो, पण हजार-दीड हजार व्हीएचा चांगला ट्रान्सफॉर्मर जड आणि महाग असतो आणि ६० हर्ट्झसाठीचा आतला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर जरा जास्त तापतो. त्यात कस्टम ड्युटी, विमानातले वजन आणि इथे वॉरंटी न मिळणे जमेस धरले, की वाचलेले पैसे वाचलेले राहत नाहीत. बहिणीला रिसीव्हरऐवजी डिस्क आणायला सांगाव्यात. त्या तिथे सहज मिळतात; मात्र साध्या ब्लू-रेवर देशानुसार बंधन असू शकते, ४के डिस्कवर ते नसते.

सेकंड हँड रिसीव्हर घेणे योग्य ठरते का?

योग्य मॉडेल आणि योग्य किंमत असेल तर नक्कीच. आवाजाची शक्ती जुनी होत नाही. जुनी होते ती चित्राची जोडणी. एचडीसीपी २.२ (चित्राची नक्कल रोखणारी पद्धत) नसलेल्या रिसीव्हरमधून ४के स्ट्रीमिंगचे चित्र पुढे जात नाही. तरी त्याला आर्क असेल तर उपकरणे टीव्हीला जोडून फक्त आवाज त्याच्याकडे आणता येतो आणि दहा-बारा वर्षांपूर्वीचे वजनदार यंत्र आजच्या प्राथमिक रिसीव्हरपेक्षा सरस चालू शकते. पाहायला जाताना प्रत्येक एचडीएमआय सॉकेट तपासावे, प्रत्येक चॅनेलला आळीपाळीने स्पीकर जोडून ऐकावे, आवाजाचे बटण फिरवताना खरखर येते का पाहावे आणि किमान अर्धा तास यंत्र तापू द्यावे. रूम करेक्शनचा मूळ मायक्रोफोन सोबत आहे का, हे आवर्जून विचारावे. दुसऱ्या कंपनीचा मायक्रोफोन लावून मोजमाप बरोबर येत नाही.

कोणत्या कंपनीचा घ्यावा?

डेनॉन, मॅरँट्झ, यामाहा, ऑन्क्यो, पायोनियर आणि सोनी यांपैकी कुणाचाही मध्यम श्रेणीतला रिसीव्हर वाईट नाही. डेनॉन आणि मॅरँट्झ एकाच समूहाचे आहेत आणि २०२५ पासून तो समूह हरमन या कंपनीकडे गेला आहे. ऑन्क्योची मूळ जपानी कंपनी २०२२ मध्ये दिवाळखोरीत निघाली, पण नाव आणि उत्पादने नव्या मालकीखाली सुरू आहेत. कंपनीच्या नावापेक्षा आपल्या शहरात किंवा जवळच्या जिल्ह्याच्या ठिकाणी तिचे सर्व्हिस सेंटर आहे का, हे आधी पाहावे. बारा-चौदा किलोचे यंत्र दुरुस्तीसाठी सोलापूरहून मुंबईला पाठवणे सोपे नसते.

पैसे कुठे किती घालावेत आणि खरेदीच्या दिवशी काय करावे?

एकूण रकमेतला निम्म्याहून अधिक वाटा स्पीकर आणि सबवूफरला द्यावा, साधारण तिसरा हिस्सा रिसीव्हरला आणि उरलेला वायर, स्टँड, सर्ज प्रोटेक्टर आणि पडद्यांना. वायर शुद्ध तांब्याची घ्यावी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर दिसायला सारखीच असते. तिचे टोक सुरीने खरवडले तर आत चंदेरी रंग दिसतो. दहा मीटरपर्यंत दीड चौरस मिलिमीटर आणि त्यापुढे अडीच पुरते.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत वायर, प्लग आणि सुटे भाग रास्त दरात मिळतात. रिसीव्हर मात्र अधिकृत विक्रेत्याकडून, पक्के बिल आणि भारतातली वॉरंटी घेऊनच घ्यावा. शोरूममध्ये ऐकताना दुकानदाराने लावलेल्या कानठळ्या बसवणाऱ्या प्रसंगावर निर्णय घेऊ नये. आपल्या सवयीचे एखादे गाणे आणि एखादा शांत संवादाचा प्रसंग फोनवर घेऊन जावे आणि आपण घरी ऐकतो त्याच पातळीवर ऐकावे. घरी खोके आले की अनुक्रमांक बिलाशी जुळवावा, मागचे व्होल्ट वाचावेत, आणि यंत्र बंद असतानाच लाल टोक लालला आणि काळे काळ्याला जोडून वायरीचे सुटे तंतू शेजारच्या टर्मिनलला चिकटत नाहीत ना, हे टॉर्च लावून पाहावे. वॉरंटीच्या काळात खोके आणि थर्माकोल माळ्यावर जपून ठेवावेत, कारण सर्व्हिस सेंटरला यंत्र पाठवायची वेळ आली तर त्याच्या मापाचे दुसरे वेष्टन मिळत नाही.